तळ आपटायचा थांबला: माझ्या आरसी बग्गीची चेसी आणि शॉकअप

ऊस तुटून गेला की सांगलवाडीच्या पुढं आमच्या मित्राच्या रानाचा एक कोपरा मोकळा राहतो, नदीच्या अंगाला, तिथं आम्ही पाचसहा जणांनी मिळून आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांचा ट्रॅक केलाय. जमीन मळीची, काळीभोर, २०१९ च्या पुरात हे सगळं रान पाण्याखाली होतं आणि तेव्हाचा गाळ अजून वरच आहे. ओली असली की बुटाला किलोकिलोनं चिकटते आणि वाळली की भेगा पडून वर पिठासारखी धूळ. म्हणून तिच्यावर दोन ट्रॉली मुरूम टाकला, पाणी मारलं, धुमसानं चोपला आणि मधे तीन उड्या केल्या, दोन बारक्या आणि एक मोठी. मोठीवरनं गाडी सुटली की अडीचतीन मीटर पुढं जाऊन पडते. ती पडायची तेव्हा जो आवाज यायचा ना, फट्, पत्र्यावर काठी मारल्यासारखा, त्या आवाजानं मी सात महिने हैराण होतो. हे सगळं लिहितोय ते त्या आवाजाबद्दलच आहे.

गाडी १:१० मापाची फोर व्हील ड्राइव्ह बग्गी, ब्रशलेस मोटर, दोन सेलची ७.४ व्होल्टची लायपो बॅटरी, तिच्यासकट वजन पावणेदोन किलोच्या आसपास. सेकंड हँड घेतली. आधीच्या मालकानं ती मोठ्या शहरातल्या कार्पेट टाकलेल्या ट्रॅकवर पळवलेली होती आणि सांगताना म्हणाला की सेटअप एकदम पर्फेक्ट आहे, काही हात लावू नकोस. त्याचं खोटं नव्हतं, त्याच्या ट्रॅकवर ती पर्फेक्टच असणार. पण आमच्या मुरमावर पहिल्याच रविवारी गाडी मोठ्या उडीवरनं पडली, तळ आपटला, मागचा भाग उसळला आणि नाकावर पडून तीन कोलांट्या. पुढचा उजवा आर्म, म्हणजे चाक धरणारा हात, तुटला. दुसऱ्या रविवारी तेच, आर्म वाचला पण चेसीच, म्हणजे गाडीच्या तळाची प्लेटच वाकली, हे मला पुढं बऱ्याच महिन्यांनी कळलं.

आता तळ आपटतोय म्हटल्यावर कुणीही तेच करेल जे मी केलं, स्प्रिंगा कडक टाकल्या. चारही. आणि खरंच आपटण्याचा आवाज थोडा कमी आला, पण गाडी आता बेडकासारखी व्हायला लागली, पडली की वर, परत पडली की परत वर, आणि वळणाआधी ब्रेक मारतो तिथं मुरमात ज्या बारक्या बारक्या लाटा पडलेल्या असतात त्यांच्यावरनं जाताना मागची चाकं डावीउजवीकडं उडायची. वळणात शिरायच्या आधीच गाडी आडवी. तेव्हा मला एवढंच वाटलं की अजून कडक पाहिजे असेल. आज कळतंय की स्प्रिंग कडक केली आणि तेल तेच ठेवलं तर स्प्रिंगेला आवरणारं कुणी उरत नाही, ती दाबली जाते आणि जेवढ्या जोरात दाबली तेवढ्याच जोरात परत फेकते. स्प्रिंगेचं काम गाडीचं वजन पेलायचं, आणि तिला आवरायचं काम तेलाचं. ही दोन वेगळी कामं आहेत हे डोक्यात बसायला मला फार वेळ लागला.

फरक पडला तो मोबाईलच्या स्लो मोशननं. मित्राच्या पोराला मोठ्या उडीच्या खालच्या बाजूला पोटावर झोपवला, मोबाईल जमिनीलगत, सेकंदाला २४० फ्रेम, आणि म्हटलं फक्त चाकं दिसू देत. घरी येऊन तो व्हिडिओ मी चाळीसएक वेळा बघितला असेल. पडताना मागचा डावा शॉकअप अर्ध्यापर्यंत असा आत जात होता जणू आत काहीच नाही, मग एकदम दगडासारखा थांबत होता. उजवा त्याच्यापेक्षा बरा. पुढचे दोन्ही तर हलतच नव्हते, चाक जमिनीला टेकलं की शॉकअप दाबला जायच्या ऐवजी सगळं नाकच वर उसळत होतं. म्हणजे एकाच गाडीत चार चाकांचं चार तऱ्हेचं चाललेलं, आणि मी चारींना एकच औषध देत होतो.

त्या रात्री शॉकअप उघडले. मागच्या डाव्यातलं तेल काळं आणि निम्मं, वरचा सगळा भाग हवा. बाकीच्यांत पण बुडबुडे. मला घाई, कुरिअरनं सिलिकॉन ऑइल मागवलं तर चार दिवस लागणार, म्हणून घरात शिलाई मशीनचं तेल होतं ते भरलं. हे कुणी करू नका. मशीनचं तेल खनिज तेल असतं आणि माझ्या शॉकअपमधल्या ओ रिंगा, म्हणजे तेल अडवणाऱ्या बारक्या गोल कड्या, सिलिकॉनच्या, तीन दिवसांत त्या फुगल्या, दांडा आत गेला की बाहेरच येईना. चारही शॉकअपच्या ओ रिंगा बदलाव्या लागल्या आणि सगळे भाग धुवावे लागले. त्यात अजून एक, मशीनचं तेल गरम झालं की फार लवकर पातळ होतं, सिलिकॉन त्या मानानं बरंच टिकून राहतं, म्हणूनच आरसीत सगळे सिलिकॉन वापरतात.

सिलिकॉन ऑइल आलं तेव्हा बाटलीवर आकडा बघून गोंधळ. काही बाटल्यांवर ३०, ३५, ४० असे वेट लिहिलेले, काहींवर ३५०, ४२५, ५०० असे सेंटिस्टोक, दोन्ही तेलाच्या घट्टपणाचीच मापं. साधारण ३० वेट म्हणजे ३५० सेंटिस्टोक, ३५ म्हणजे ४२५ आणि ४० म्हणजे ५०० च्या आसपास, पण वेटचा आकडा प्रत्येक कंपनीचा थोडा इकडंतिकडं असतो म्हणून मी आता फक्त सेंटिस्टोकवर जातो आणि शक्यतो एकाच कंपनीच्या बाटल्या घेतो.

शॉकअप भरणं हे मला या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात आवडतं काम झालंय. जेवणाच्या टेबलावर जुना पेपर, त्यावर ताट, ताटात चार शॉकअप उभे, दांडा पूर्ण खाली ओढलेला. तेल काठोकाठ भरायचं. मग दांडा अगदी हळूहळू वर न्यायचा, पिस्टन तेलातनं वर येतो आणि त्याच्या भोकांतनं बारीक बारीक बुडबुडे निघतात, मोहरीएवढे, नंतर खसखशीएवढे. वर आणला, खाली नेला, परत वर. पिस्टन तेलाच्या वर काढायचा नाही नाहीतर परत हवा ओढतो. मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. आईनं एकदा बघितलं आणि म्हणाली, अरे ताक घुसळल्यासारखं काय करतोयस, आणि ते ताट परत स्वयंपाकघरात आणू नकोस. ताट तेव्हापासून माझंच झालं. दहा मिनिटांनी वरचा तवंग टोकदार कागदानं टिपून घ्यायचा, ब्लॅडर, म्हणजे वरची रबराची वाटी, बसवायचं, टोपी लावताना थोडं तेल बाहेर सांडलंच पाहिजे, सांडलं नाही तर आत हवा राहिली. शेवटी चारही शॉकअप स्प्रिंगेशिवाय दाबून सोडायचे, जोडीतले दोघं सारखेच बाहेर आले पाहिजेत, एक पाच मिमी आणि दुसरा बारा मिमी येत असेल तर परत उघडायचे. मी पहिल्या वेळी सहा वेळा उघडले.

नुसत्या एवढ्यानं, म्हणजे ओ रिंगा आणि नीट भरलेलं तेल, मागचा तळ आपटणं निम्म्यावर आलं. ओ रिंगा आणि तेल सोडलं तर एक पार्ट बदलला नाही, एक रुपया जास्तीचा नाही. चार महिने मी स्प्रिंगांवर घालवले होते.

पण पुढचं नाक अजून उसळत होतं. तिथं पिस्टनचा मामला निघाला. शॉकअपच्या पिस्टनला भोकं असतात, तेल त्यातनं वरखाली जातं. हाताने हळू दाबला तर बारीक भोकातनं पातळ तेल आरामात जातं आणि आपल्याला वाटतं वा काय मऊ आहे, पण उडीवरनं पडल्यावर किंवा त्या ब्रेकच्या लाटांवर दांडा इतक्या जोरात आत जातो की तेलाला भोकातनं निघायला वेळच मिळत नाही, आणि शॉकअप त्या क्षणापुरता लोखंडी कांब होतो. इंग्रजीवाले याला पॅक म्हणतात. पुढच्या शॉकअपात दोन भोकं १.२ मिमीची होती. कार्पेटवर हे चालतं, तिथं खड्डाच नसतो, उलट मोठ्या सपाट उडीवर तो पॅक तळ वाचवतो. आमच्या मुरमावर हरभऱ्याएवढा खडा आला तरी तो कांब होणार.

भोकं मोठी करायला मी कुपवाड एमआयडीसीत गेलो, तिथं एक लेथवाले मामा आहेत, वडिलांच्या ओळखीचे, दिवसभर पंपाचे शाफ्ट आणि बुश करतात. त्यांना तो पिस्टन दाखवला, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. त्यांनी चष्मा वर केला, पिस्टन उजेडाला धरून भोकांतनं बघितलं आणि म्हणाले, "आरं ह्ये तर मशीन पाडून आलंय, तू हातानं ड्रिल घालशील तर भोक वाकडं जाईल, ऱ्हाऊ दे, डेल्रिनचा तुकडा पडलाय माझ्याकडं, नवीनच काढू." डेल्रिन म्हणजे एक कडक प्लॅस्टिक. आणि काढले की त्यांनी. बाहेरचा व्यास शॉकअपच्या बॉडीपेक्षा अगदी कणभर कमी, बोटानं ढकलला तर अडकू नये आणि वाकडा करून धरला तर स्वतःच्या वजनानं पडू नये असा. भोकं १.३, १.४ आणि १.५ अशा तीन जोड्या. १.२ चं १.४ केलं म्हणजे ऐकायला दोन दशांश मिमी, पण भोकाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. मी पैसे विचारले तर म्हणाले चहा सांग. मी चहा सांगितला आणि पुढच्या वेळी त्यांच्या नातवाला गाडी चालवायला घेऊन गेलो.

मग मोठ्या भोकाबरोबर तेल थोडं घट्ट करायचं, म्हणजे हळू दाबताना आधीसारखंच लागतं पण जोरात दाबल्यावर कांब होत नाही. पुढं १.४ ची भोकं आणि ४२५ चं तेल, ब्रेकच्या लाटांवरनं गाडी पहिल्यांदा सरळ गेली. सरळ! मला हातातल्या रिमोटवर विश्वास बसेना. मागं पण १.४ करून बघितले तर मोठ्या उडीवर तळ परत टेकायला लागला, म्हणून मागं १.३ वर आलो. मागं मोटरचं वजन आहे, तिला पडताना थोडा पॅक लागतो. पुढं जे बरोबर ते मागं बरोबर असेलच असं नाही.

आता चेसी. गाडी सरळ जायला लागल्यावर एक नवीन गोष्ट दिसायला लागली जी आधी गोंधळात लपलेली होती, डावीकडं वळताना गाडी सुरेख आणि उजवीकडं वळताना पुढनं निसटायची. शोकेसची जाड काच काढून टेबलावर ठेवली, गाडी त्यावर, आणि पुढच्या बंपरखाली बरोबर मधोमध पट्टीची धार लावून हळू उचलायला लागलो. दोन्ही पुढची चाकं एकदम सुटायला पाहिजेत. डावं आधी सुटलं, उजवं बरंच नंतर. म्हटलं शॉकअपच्या कॉलरमध्ये, म्हणजे स्प्रिंग वरनं दाबणाऱ्या कड्यामध्ये फरक असेल, सगळं मोजलं, सारखं. मग सगळी गाडी उतरवून नुसती चेसीची प्लेट काचेवर ठेवली तर एका कोपऱ्याखाली १.५ मिमीचं फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, गेलं. प्लेट पिळवटलेली. ज्या गाडीच्या चार पायांपैकी एक अधर आहे तिचं सस्पेन्शन मी दशांश मिमीत जुळवत बसलो होतो.

जुनी प्लेट २.५ मिमीची होती आणि हात लावल्यावर कळत होतं की मऊ ॲल्युमिनियम आहे, कानस सहज चालत होती. मामांनी ७०७५ नंबरचं ॲल्युमिनियम सांगितलं. नेहमी मिळतं ते ६०६१, त्याच्या मानानं ७०७५ टी ६ ची (टी ६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेलं) वाकायला लागायची मर्यादा जवळजवळ दुप्पट आहे, विमानाच्या कामात वापरतात ते हेच. वजनाला किंचित जड. जाडी ३ मिमी ठरवली, वजन वीस टक्के वाढणार पण वाकण्याला विरोध जाडीच्या घनात वाढतो, २.५ ची ३ केली तर तो पावणेदोन पटीच्या जवळ जातो. वजन परत कमी करायला मधे खिसे पाडायचे.

इथं माझी मोठी चूक झाली. या बग्गीच्या चेसीचं नाक थोडं वर वाकवलेलं असतं, त्याला किक अप म्हणतात, त्यामुळं पुढची चाकं खड्ड्यावर आदळण्याऐवजी थोडी मागं सरकत वर जातात. जुन्या प्लेटला तो बाक दाबून दिलेला होता. मी म्हटलं नवीन प्लेटला पण व्हाइसमध्ये धरून देऊ. मामा जेवायला गेले होते. जाताना म्हणाले होते, "बाळा, ह्ये वाकत न्हाई, तुटतंय, मी येस्तवर थांब." मी थांबलो नाही. नऊ अंशांचा बाक द्यायचा होता, पाचसहा अंशांपर्यंत गेलं असेल आणि बाकाच्या बाहेरच्या बाजूला केसासारखी रेघ दिसली, अजून थोडं दाबलं आणि टक् करून तुकडा हातात. आख्खी व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, कापलेली प्लेट, सगळी भोकं मारलेली. मामा आले, तुकडे बघितले, काही बोलले नाहीत, फक्त तुटलेली कड बोटानं चाचपली आणि म्हणाले दाणा बघ कसा दिसतोय. मला त्या शांतपणाचंच जास्त लागलं. ७०७५ टी ६ थंड असताना बारीक त्रिज्येत वाकवलं की चिरतं, हे त्यांना माहीत होतं आणि मला त्यांनी सांगितलं पण होतं.

दुसरी प्लेट मग सपाटच ठेवली आणि नाकासाठी नऊ अंशांचा पाचरीसारखा ठोकळा वेगळा मिलिंग करून घेतला, तो प्लेटवर चार बोल्टनी बसतो. एका अर्थानं हे बरंच झालं, आता मला किक अप बदलायचा असेल तर फक्त ठोकळा बदलायचा.

चेसीखालच्या स्क्रूंचं पण सांगतो कारण यात माझे दोन रविवार गेले. चेसीचा तळ जमिनीवर घासतो म्हणून खालचे सगळे स्क्रू काउंटर संक असतात, डोकं प्लेटच्या आत बुडलेलं. पहिल्यांदा मी ती खोलगट जागा जाड ड्रिल बिटनंच करून घेतली. साध्या ड्रिल बिटचं टोक ११८ अंशांचं असतं आणि एम ३ च्या काउंटर संक स्क्रूचं डोकं ९० अंशांचं, म्हणजे डोकं त्या खड्ड्यात सगळीकडनं टेकतच नाही, फक्त एका कडेवर लटकून राहतं. घट्ट आवळल्यासारखा वाटतो, आणि पाचसहा लँडिंगनंतर सैल. मागचा गिअरबॉक्स डुगडुगायला लागला तेव्हा लक्षात आलं. ९० अंशांचं काउंटर संक कटर आणून सगळी भोकं परत केली, डोकं प्लेटच्या पातळीच्या केसभर खाली गेलं पाहिजे, वर राहिलं तर मुरमात घासून ॲलन कीची खाचच जाते आणि मग तो स्क्रू काढायला जे हाल होतात ते ज्यानं भोगलेत त्यालाच माहीत. स्क्रू सैल होऊ नये म्हणून निळं थ्रेड लॉक, म्हणजे आट्यांना लावायचा चिकट द्रव, लावायचं, पण धातूत जाणाऱ्या स्क्रूलाच, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला नाही, काही प्लॅस्टिक त्यानं तडकतं.

आणि बॅटरीच्या खाचेच्या कडा कानशीनं मोडून गुळगुळीत केल्याशिवाय बॅटरी बसवू नका. व्हीएमसीवरनं आलेली कड ब्लेडसारखी असते. मऊ कव्हरची लायपो त्यावर घासून फाटली तर पेट घेते, ही गंमत नाही, मी सगळ्या कडा करून वर इन्सुलेशन टेप लावली आणि मगच बॅटरीला हात लावला.

नवीन चेसीवर काचेची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास, दोन्ही चाकं एकदम सुटली. आईच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मित्राच्या घरचा, असे दोन काटे शेजारी ठेवून डावंउजवं वजन बघितलं, बॅटरीच्या बाजूला चाळीसएक ग्रॅम जास्त भरलं, तेवढी शिशाची पट्टी मोटरच्या बाजूला चिकटवली.

पण गाडी चालवली तर मुरमावर एकदम ताठ, वरच्या सुक्या धुळीवर पकडच नाही. चेसी इतकी कडक झाली की ती स्वतः काही सोसतच नव्हती. चेसीला वरनं ताठ धरणारी एक पट्टी असते, तिचे मधले दोन स्क्रू काढून टाकले, तेवढ्यानं चेसीला थोडा लवचिकपणा आला आणि मागची पकड परत आली. दोन स्क्रू!

स्प्रिंगांचा किस्सा पण झाला मधे. कडक स्प्रिंगा काढून मऊ टाकायच्या तर ज्या पाहिजेत त्या मिळेनात, बाहेरनं मागवायच्या तर महिना. मिरजेत माझ्या मावसभावाचा मित्र सतारमेकर गल्लीत काम करतो, त्याला विचारलं तार मिळेल का, तो म्हणाला आमची सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य तार ०.३ मिमीच्या आसपास, तुला पाहिजे ती याच्या चौपट, आणि कुपवाडातल्या स्प्रिंगवाल्याकडं पाठवलं. तिथनं १.२ मिमीची स्प्रिंग वायर आणून मामांच्या लेथवर गुंडाळली. सळईवर गुंडाळून सोडली की वायर फुलते, १३ च्या सळईवर केली तर व्यास त्याच्या बराच वर जातो, त्यामुळं बारीक सळई घेऊन अंदाजानं दोन वेळा करून बघावी लागते. मग ओव्हनमध्ये अर्धा तास २२० ला, म्हणजे गुंडाळताना आलेला ताण निघतो आणि स्प्रिंग पुढं दबून आखूड होत नाही. वायरची जाडी मात्र नीट मोजून घ्या, स्प्रिंगेचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात जातो, १.२ च्या ऐवजी चुकून १.३ आली तर ३८ टक्के कडक. वेढे वाढवले की मऊ. पुढच्या दोन मीच केलेल्या स्प्रिंगा आज गाडीत आहेत.

राहिलं शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ड्रूप. गाडी उचलली की चाकं किती खाली लोंबतात ते. आधीच्या मालकानं शॉकअपच्या आत पिस्टनखाली ३ मिमीचे स्पेसर घातलेले होते, म्हणजे दांडा पूर्ण बाहेर येऊच नये, चाकं कमी लोंबावीत. कार्पेटवर पकड इतकी असते की गाडी वळणात कलंडते, तिथं हे लागतं. आमच्याकडं उलटं, हवेतनं खाली येताना चाक जेवढं खाली लोंबेल तेवढं ते जमिनीला आधी भेटतं आणि पडण्याचा जोर जिरवायला तेवढी जास्त वाट मिळते. ३ चा १ मिमी केला. शॉकअपमध्ये २ मिमी म्हणजे चाकाशी तीनसाडेतीन मिमी. त्याबरोबर मागचे ड्राइव्ह शाफ्ट कपातनं सुटत तर नाहीत ना हे हाताने फिरवून बघायला लागतं.

हे केल्यावर मागच्या आर्मच्या पिनेचा कल पण कमी केला, पुढच्या होल्डरखालचा १ मिमीचा वायसर काढून. थ्रॉटल दिला की मागचा भाग दबू नये म्हणून तो कल असतो, पण त्यानं खडबडीत जागी चाक मोकळं राहत नाही. जमिनीपासून तळाची उंची २३ मिमी ठेवली, सुताराकडनं बरोबर २३ चा लाकडी ठोकळा करून घेतलाय, गाडी वीतभर उंचीवरनं टेबलावर सोडायची, थोडी मागंपुढं ढकलायची आणि ठोकळा खालनं सरकवायचा. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, दीड अंश आत, मागचा टो, म्हणजे चाकाच्या तोंडाची दिशा, ३ अंश आत, यात मी फार खेळलो नाही.

इंटरनेटवर मोठमोठ्या ड्रायव्हरांच्या सेटअप शीट मिळतात आणि मी सुरुवातीला त्या पाठ केल्या होत्या. १:१० ऑफ रोडची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात डेल मारला झाली, तिथं टू व्हील ड्राइव्हमध्ये गिल लोसी ज्युनियर जिंकला तो असोसिएटेड कंपनीच्या आरसी १० वर, सोनेरी ॲल्युमिनियमची टबासारखी चेसी असलेली गाडी, तेव्हा ट्रॅक मातीचे होते. आता बऱ्याच ठिकाणी रेस ॲस्ट्रोटर्फवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या गवतावर, कार्पेटवर, नाहीतर साखर टाकून पकड वाढवलेल्या चिकणमातीवर होतात. त्या शीटा खोट्या नाहीत, पण त्यांच्याखाली जी जमीन आहे ती आमची नाही. आमची जमीन सकाळी सातला दंव पिऊन घट्ट असते आणि अकराला तिच्यावर बोटभर धूळ. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३८-४० ला गेला की शॉकअपमधलं ४२५ चं तेल हाताला पातळ लागतं, मी तेव्हा ५०० वर जातो. हे कुठल्याच शीटवर नाही, ते माझ्या वहीत आहे.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी परत मित्राचं पोरगं पोटावर झोपवलं त्याच जागी. गाडी मोठ्या उडीवरनं सुटली, चारही चाकं खाली लोंबली, मागची आधी टेकली मग पुढची, चेसी खाली आली, मुरमाच्या अगदी जवळ, आणि थांबली. आवाज आला तो फक्त टायरचा, धप्प, पोत्यावर पोतं ठेवल्यासारखा. परत उसळली नाही. थेट वळणात. ते पोरगं उठून ओरडलं, "काका, आपटलीच न्हाई!" आधी माझ्या लॅपला ३१ सेकंद लागायचे, त्या दिवशी सलग पाच लॅप २८ च्या आत, पण खरं सांगू, मी घड्याळ नंतर बघितलं. मी ते व्हिडिओ मामांना जाऊन दाखवले. त्यांनी तीन वेळा बघितले आणि विचारलं, "पाचर टिकली का?" टिकली.

आता वळीव सुरू झालाय, रान नांगरायला निघेल, मुरूम एका बाजूला ओढून ठेवलाय. मागचा डावा शॉकअप परत ताटात आहे, खालच्या टोपीपाशी तेलाचा बारीक ओलावा दिसत होता, ओ रिंग थोडी कापली गेलीय. दांड्यावर एक ओरखडा आहे, नखाला लागतो. नवीन दांडा येईपर्यंत २००० च्या पॉलिश पेपरनं तो घासून घेतोय.